उताऱ्यावर बोट ठेवून वाचा : साहित्यातल्या आणि आकलनाच्या संज्ञा कशा वापरायच्या

निवेदक, कथानक, प्रतिमा, प्रतीक, उपमा, उत्प्रेक्षा. या संज्ञांच्या व्याख्या बहुतेक मुलांना तोंडपाठ असतात. तरी परीक्षेत अनोळखी उतारा समोर आला की हात अडतो. 'रूपक म्हणजे काय' हे सांगता येतं, पण समोरच्या ओळीत रूपक आहे की नाही हे ठरवता येत नाही.

म्हणून प्रत्येक संज्ञेकडे उताऱ्याला विचारायचा एक प्रश्न म्हणून पाहा. निवेदक म्हणजे 'हे सांगतंय कोण?' प्रतीक म्हणजे 'ही वस्तू पुन्हा पुन्हा का येतेय?' उत्तर देताना तुमचं बोट उताऱ्यातल्या एखाद्या शब्दावर टेकलेलं असलं पाहिजे. बोट ठेवायला जागा सापडली नाही, तर ते उत्तर उताऱ्यातून आलेलं नाही, तुमच्या मनातून आलेलं आहे.

या लेखासाठी मी एक छोटा उतारा लिहिला आहे. पुढचं जवळजवळ सगळं त्याच्याच आधाराने पाहू, म्हणून तो आधी सावकाश वाचा.

"दादा जाणार त्याच्या आदल्या रात्री बाबा अंगणात त्याची जुनी सायकल पुसत बसले होते. शेजारी तेलाचा डबा होता. मी म्हटलं, 'बाबा, दादा सायकल इथेच ठेवून जाणार आहे.' 'साखळी फार कुरकुरते,' ते म्हणाले आणि पुन्हा पुसू लागले. घंटी त्यांनी दोनदा वाजवून पाहिली. घरातल्या दिव्याचा उजेड त्यांच्या पाठीवर पडला होता. चेहरा अंधारात होता. दादा दारात आला, थोडा वेळ उभा राहिला आणि काही न बोलता आत गेला. वारा पडला होता. झाड जणू कान देऊन ऐकत होतं. सकाळी सायकल भिंतीला टेकून उभी होती, आरशासारखी लखलखीत. दादा गेला. मग बाबांनी मला बजावलं, 'रोज एकदा घंटी वाजवत जा. नाहीतर गंजेल.' मला काही कळेना. घंटी इतक्या लवकर कशी गंजेल?"

पहिली पायरी : आधी फक्त काय घडलं ते

पहिल्या वाचनात अलंकार शोधू नका, संदेश तर मुळीच नको. कोण आहे, कुठे आहे, कधी घडतंय आणि काय घडतंय, एवढं पक्कं करा. इथे तीन माणसं आहेत : बाबा, दादा आणि सांगणारं धाकटं भावंड. जागा घराचं अंगण. वेळ आदल्या रात्रीपासून दादा गेल्यानंतरपर्यंत. जागा आणि वेळ मिळून जे होतं त्याला स्थळ-काळ म्हणतात.

याच वाचनात अडलेले शब्द खुणावून ठेवा, पण लगेच शब्दकोशाकडे धावू नका. आजूबाजूची वाक्यं बरंच सांगतात. 'बजावलं' हाच शब्द घ्या. 'कर्तव्य बजावलं' म्हणजे पार पाडलं. पण इथे त्यानंतर अवतरणचिन्हात सूचना आली आहे आणि तिच्यामागून 'नाहीतर' आलं आहे. म्हणजे इथे अर्थ 'निक्षून सांगितलं' असा आहे. यालाच संदर्भावरून अर्थ लावणं म्हणतात. परीक्षेत विचारलेला अर्थ नेहमी त्या जागेपुरता असतो. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून लिहिणं ही या प्रश्नातली नेहमीची चूक आहे.

दुसरी पायरी : सांगणारा कोण?

उतारा लिहिणारा तो लेखक आणि उताऱ्यात आपल्याशी बोलणारा तो निवेदक. ही दोन वेगळी माणसं आहेत. वरचा उतारा मी लिहिला, पण त्यातला 'मी' म्हणजे मी नाही. उत्तरात 'लेखकाला घंटीबद्दल प्रश्न पडला' असं लिहिलं की घोटाळा झाला. प्रश्न निवेदकाला पडला आहे. लेखकाने तो मुद्दाम त्याच्या तोंडी घातला आहे.

'मी' म्हणून सांगणाऱ्याला प्रथमपुरुषी निवेदक म्हणतात. गोष्टीबाहेर राहून 'तो', 'ती', 'ते' असं सांगणारा तो तृतीयपुरुषी. तृतीयपुरुषी निवेदकांतही एकाला सगळ्यांच्या मनातलं ठाऊक असतं (त्याला सर्वज्ञ निवेदक म्हणतात), तर दुसरा एकाच पात्राच्या खांद्यावरून जग पाहतो. निवेदक कुठे उभा आहे, त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हा त्याचा दृष्टिकोन.

आपल्या उताऱ्यातला निवेदक लहान आहे. तो डोळ्यांना दिसतं तेवढं सांगतो : पाठीवरचा उजेड, दोनदा वाजलेली घंटी. त्याचा अर्थ त्याला लागत नाही. वाचकाला मात्र लागतो. निवेदकाला जे कळलं नाही ते वाचकाला कळणं, या अंतरावरच हा उतारा उभा आहे. असा भोळा निवेदक भेटला की सावध व्हा, कारण लेखक त्याच्या डोक्यावरून थेट तुमच्याशी बोलत असतो.

मराठीत आणखी एक सोय आहे. आपली क्रियापदं बोलणाऱ्याचं लिंग सांगून जातात : 'मी म्हणालो', 'मी म्हणाले'. वरच्या उताऱ्यात 'मी म्हटलं' आहे आणि 'मला कळेना' आहे. मग निवेदक मुलगा आहे की मुलगी? उतारा सांगत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर मुलगा आला असेल किंवा मुलगी, पण ते चित्र तुमचं आहे. इथून पुढच्या पायरीवर जाता येतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात.

तिसरी पायरी : अनुमान आणि अंदाज यांतला फरक

जे लिहिलेलं नाही पण लिहिलेल्यावरून नक्की म्हणता येतं, ते अनुमान. जे लिहिलेलं नाही आणि लिहिलेल्यावरून ठरवताही येत नाही, तो अंदाज. आकलनाच्या प्रश्नांत अनुमानाला गुण असतात, अंदाजाला नसतात.

चार विधानं तपासून पाहू.

'दादा जाणार म्हणून बाबांना वाईट वाटतंय.' हे उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण बोट ठेवायला तीन जागा आहेत. नेली जाणार नाही अशी सायकल ते रात्री बसून पुसतात. निवेदकाच्या बोलण्याला सरळ उत्तर न देता साखळीचं कारण पुढे करतात. आणि दादा गेल्यावर घंटीचा आवाज रोज घरात ऐकू यावा अशी व्यवस्था करतात. हे पक्कं अनुमान आहे.

'दादा शिकायला परगावी चाललाय.' असेलही. पण तो कशासाठी जातोय हे उताऱ्यात नाही. हा अंदाज झाला.

'बाबा आणि दादा यांचं भांडण झालंय.' हे विधान फसवं आहे, कारण त्याला अर्धा आधार सापडतो : दादा काही न बोलता आत गेला. अशा वेळी उरलेला उतारा त्या विधानाच्या बाजूने बोलतो की विरुद्ध, ते पाहायचं. दादा दारात थोडा वेळ थांबला होता. बाबा त्याचीच सायकल जपत होते. हे दोन्ही तपशील भांडणाशी जुळत नाहीत. एक पुरावा जुळला म्हणून थांबू नका, विरुद्ध जाणारा पुरावाही शोधा.

'बाबांचं दादावर प्रेम आहे.' खरं आहे, पण मोघम आहे. हजार उताऱ्यांना चिकटेल असं उत्तर कोणत्याही एका उताऱ्याचं होत नाही. 'बाबांना प्रेम बोलून दाखवता येत नाही, ते हाताच्या कामातून दाखवतात' असं लिहिलंत, की ते याच उताऱ्याचं झालं.

ओळींच्या मागचा अर्थ कसा कळतो, यावर आपल्याकडच्या काव्यशास्त्राने फार बारकाईने विचार केला आहे. शब्दाच्या तीन शक्ती त्यात सांगितल्या आहेत. सरळ अर्थ देते ती अभिधा. 'सगळी शाळा मैदानावर जमली' या वाक्यात इमारत चालत आली नाही, मुलं आली. सरळ अर्थ जुळत नाही म्हणून जवळचा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. आणि सरळ अर्थ पूर्ण जुळत असूनही त्याच्या पलीकडचं काही सुचतं, ती व्यंजना. तिचं जुनं उदाहरण म्हणजे 'सूर्य मावळला' हे वाक्य. गुराख्याला त्यातून 'गुरं परत वळवा' असं ऐकू येतं, चोराला 'आता निघायची वेळ झाली' असं. वाक्य तेच, सरळ अर्थही तोच, पण ऐकणाऱ्यागणिक सुचणारा अर्थ बदलतो. सुचलेल्या या अर्थालाच काव्याचा आत्मा मानणारा आनंदवर्धन नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेला. त्याने या अर्थाला 'ध्वनी' म्हटलं.

आता 'साखळी फार कुरकुरते' हे वाक्य पुन्हा वाचा. सरळ अर्थाने ते खरंच आहे, साखळी आवाज करत असेल. पण निवेदकाने काढलेला विषय दादाच्या जाण्याचा होता आणि बाबांनी उत्तर साखळीचं दिलं. जे बोलायचं नाही ते या वाक्याच्या मागे उभं आहे. 'चेहरा अंधारात होता' हेही तसंच. उजेड पाठीमागून आहे म्हणून चेहरा दिसत नाही, आणि चेहऱ्यावर काय आहे हे कुणाला दिसू नये अशीच ती जागा आहे.

चौथी पायरी : गोष्टीची चौकट

घटना एकामागून एक घडल्या की गोष्ट होते. एका घटनेमुळे दुसरी घडली हे दिसू लागलं की कथानक होतं. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये हा फरक एका राजा-राणीच्या उदाहरणाने सांगितला. राजा मेला आणि मग राणी मेली, ही गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. म्हणून कथानक लिहायला सांगितलं असेल, तर तुमच्या उत्तरात 'मग' कमी आणि 'म्हणून', 'त्यामुळे' जास्त दिसायला हवेत.

पात्रांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पात्राचा स्वभाव तीन ठिकाणी दिसतो : ते काय बोलतं, काय करतं आणि इतर त्याच्याशी कसे वागतात. बोलणं आणि करणं यांत फट दिसली, तर करण्यावर विश्वास ठेवा. बाबा बोलतात साखळीबद्दल, करतात निरोपाची तयारी.

संघर्ष म्हटलं की मुलं मारामारी शोधतात. संघर्ष दोन माणसांत असतो, माणूस आणि निसर्गात असतो, माणूस आणि समाजात असतो, तसाच एकाच माणसाच्या आतही असतो. इथे तो आतला आहे : सांगावंसं वाटतं आणि सांगता येत नाही. दादाही दारात थोडा वेळ थांबून आत गेला, म्हणजे तोही तिथेच अडला असावा. लक्षात घ्या, मी 'असावा' म्हटलं. पुरावा जेवढा, तेवढाच ठामपणा लिहिण्यात दिसला पाहिजे.

पाचवी पायरी : विषय, मध्यवर्ती कल्पना, सूर

उतारा कशाबद्दल आहे ते एक-दोन शब्दांत सांगता आलं, तर तो विषय. आपल्या उताऱ्याचा विषय 'निरोप'. त्या विषयाबद्दल उतारा काय म्हणतो ते पूर्ण वाक्यात सांगितलं, की मध्यवर्ती कल्पना होते : 'काही माणसं निरोप शब्दांनी देत नाहीत, कामातून देतात.' तुमच्या उत्तरात क्रियापद नसेल, तर तुम्ही अजून विषयावरच थांबला आहात. ही खूण मला फार उपयोगी वाटते, कारण ती लिहून झाल्यावर तपासता येते.

संदेश किंवा बोध ही त्यापुढची गोष्ट, आणि ती प्रत्येक उताऱ्यात असतेच असं नाही. 'आईवडिलांवर प्रेम करावं' असा बोध या उताऱ्याला चिकटवणं म्हणजे उतारा न वाचणं.

सूर म्हणजे लिहिणाऱ्याचा किंवा सांगणाऱ्याचा आवाज कसा लागला आहे : हळवा, संतप्त, कौतुकाचा, उपरोधाचा, अलिप्त. वातावरण म्हणजे वाचताना आपल्याभोवती काय पसरतं. दोन्ही एकच असतील असं नाही. इथे निवेदकाचा सूर साधा, किंचित गोंधळलेला आहे आणि वातावरण उदास आहे. सूर ओळखायचा तर विशेषणं आणि वाक्यांची लांबी पाहा. 'दादा गेला.' एवढंच वाक्य आहे. ज्या घटनेकडे सगळा उतारा चालला होता, तिला दोनच शब्द मिळाले. तिथे बोट ठेवून 'सूर संयत आहे' असं लिहिता येतं.

भाव आणि रस यांचीही अशीच गल्लत होते. भाव पात्राच्या मनात असतो, रस वाचणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला अनुभवाला येतो. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत : शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत. शांत हा नववा नंतर जोडला गेला. घसरून पडलेल्या विदूषकाला दुखतं आणि आपण हसतो, तेव्हा त्याच्या वाट्याला वेदना येते आणि आपल्या वाट्याला हास्यरस.

सहावी पायरी : प्रतिमा, प्रतीक आणि अलंकार

शब्द वाचताना एखाद्या इंद्रियाला काही जाणवलं, की ती प्रतिमा. पाठीवरचा उजेड ही दृश्य प्रतिमा, घंटीचा आवाज ही श्राव्य. चव, वास आणि स्पर्श यांच्याही प्रतिमा असतात.

वस्तू स्वतःपेक्षा मोठं काही सांगू लागली, की ती प्रतीक होते. प्रत्येक वस्तूला प्रतीक म्हणू नका. तेलाचा डबा हा तेलाचा डबाच आहे. घंटीचं तसं नाही. ती दोनदा येते, शेवटही तिच्यावर होतो, आणि 'गंजेल' हे कारण तिच्याबाबतीत निवेदकालाही पटत नाही. वस्तू पुन्हा येणं, मोक्याच्या जागी येणं आणि तिच्याबद्दलचं साधं कारण अपुरं पडणं, या तीन खुणा दिसल्या की प्रतीकाचा विचार करा. मी घंटीत दादाशी असलेला संबंध पाहतो. तो वापरात राहिला नाही तर गंजेल, ही बाबांची भीती. दुसऱ्या कुणाला घंटी म्हणजे घरातला दादाचा वावर वाटेल. दोन्ही उत्तरं चालतील, कारण दोघांचंही बोट एकाच ओळीवर आहे.

आता अलंकार. 'आरशासारखी लखलखीत' ही उपमा आहे. उपमेचे चार भाग असतात : उपमेय (सायकल), उपमान (आरसा), साधर्म्य दाखवणारा शब्द (सारखी) आणि दोघांतला समान गुण (लखलखीतपणा). चारही भाग बोटाने दाखवता आले तर उपमा तुम्हाला कळली.

'झाड जणू कान देऊन ऐकत होतं' इथे 'जणू' आल्यामुळे उत्प्रेक्षा आहे. 'जणू' काढून टाका : 'झाड कान देऊन ऐकत होतं.' आता निर्जीव किंवा मानवेतर गोष्टीला माणसासारखं वागवलं आहे, म्हणून ही चेतनगुणोक्ती. एका शब्दाने अलंकार बदलला. आणि 'ते झाड म्हणजे घराचा कानच' असं म्हटलं तर झाड आणि कान एकच मानले, म्हणून रूपक. उपमेत सारखेपणा असतो, उत्प्रेक्षेत तेच असल्याची कल्पना असते, रूपकात दोन्ही एकच होतात. एकच वाक्य असं तीन-चार प्रकारे लिहून पाहिलं, की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

कवितेसाठी दोन ओळी घेऊ :

वाट वळते, वारा वाहे,
वेल वाकुनी वाट पाहे.

'व' पुन्हा पुन्हा येऊन नाद तयार होतो, हा अनुप्रास. 'वाहे' आणि 'पाहे' हे यमक. वेल वाट पाहते, म्हणून चेतनगुणोक्ती. आणि 'वाट' दोनदा आली आहे, पहिल्यांदा रस्ता म्हणून, दुसऱ्यांदा प्रतीक्षा म्हणून. हा श्लेष नव्हे. श्लेषात शब्द एकदाच येतो आणि एकाच वेळी दोन अर्थ देतो. मात्र 'इथे अनुप्रास अलंकार आहे' एवढं लिहून उत्तर संपत नाही. 'व'च्या आवृत्तीमुळे वाऱ्याचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो, हे लिहिल्यावर ते पूर्ण होतं.

सातवी पायरी : माहितीपर उतारा

इथे वेगळी हत्यारं लागतात. हे पाहा : "चंद्रावर वातावरण जवळजवळ नाही, त्यामुळे तिथे वारा वाहत नाही. म्हणून १९६९ मध्ये माणसाने तिथे उमटवलेले पावलांचे ठसे वाऱ्याने पुसले जाण्याची भीती नाही. ते पाऊल हा मानवी इतिहासातला सर्वात सुंदर क्षण होता."

पहिली दोन वाक्यं तथ्य सांगतात, कारण ती तपासता येतात. तिसरं मत आहे. ते पटू शकतं, पण मोजता येत नाही. 'सर्वात', 'सुंदर', 'पाहिजे', 'दुर्दैवाने' असे शब्द मताची चाहूल देतात. एक बारकी गोष्ट : 'चंद्र स्वतःच्या प्रकाशाने चमकतो' हे चुकीचं आहे, पण म्हणून ते मत ठरत नाही. ते तपासता येणारं आणि तपासल्यावर खोटं ठरणारं विधान आहे.

'त्यामुळे' आणि 'म्हणून' हे शब्द कारण आणि परिणाम जोडतात. 'परंतु', 'उलट' विरोध दाखवतात. 'उदाहरणार्थ' आलं की आधीच्या वाक्यात मुद्दा होता हे समजा. दुसऱ्या वाचनात फक्त या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करा. परिच्छेदाचा सांगाडा दिसू लागतो, आणि सारांश लिहिताना तोच कामाला येतो : मुद्दे ठेवा, उदाहरणं गाळा, वाक्यं स्वतःची वापरा, लांबी मूळच्या साधारण एक तृतीयांश. सारांशात तुमचं मत घालू नका.

आठवी पायरी : उत्तर लिहिणं

आधी प्रश्नातलं क्रियापद वाचा. 'सांगा' म्हटलं तर उतारा पुरतो. 'स्पष्ट करा' म्हटलं तर कारण हवं. 'तुमचं मत लिहा' म्हटलं तर मत हवंच, पण उताऱ्याला धरून.

मग तीन पावलं टाका : विधान, पुरावा, अर्थ. प्रश्न समजा असा आहे : 'बाबांच्या मनःस्थितीचं वर्णन करा.' 'बाबा दुःखी होते कारण दादा जाणार होता' या उत्तरात विधान आहे, पुरावा नाही. आता हे वाचा : 'बाबा दुःखी आहेत, पण ते दाखवत नाहीत. दादा सायकल नेणार नाही हे सांगितल्यावरही ते "साखळी फार कुरकुरते" म्हणून ती पुसत राहतात. विषय टाळून कामात गुंतण्यातून त्यांची अस्वस्थता दिसते.' तीनच वाक्यं, पण प्रत्येक वाक्याचं काम वेगळं. अवतरण छोटं घ्या. तीन-चार शब्द पुरतात. अख्खं वाक्य उतरवलं की त्यातला नेमका कोणता शब्द पुरावा आहे, हे तपासणाऱ्याला शोधत बसावं लागतं.

सरावासाठी वरचाच उतारा पुन्हा घ्या आणि तो बाबांच्या तोंडून, प्रथमपुरुषात, आठ-दहा ओळींत लिहा. बाबांना सगळं ठाऊक आहे, त्यामुळे 'घंटी कशी गंजेल' हा प्रश्न त्यांना पडणार नाही. मग शेवट कुठे करायचा, आणि 'चेहरा अंधारात होता' ही ओळ त्यांना लिहिता येईल का, ते ठरवा. लिहून झालं की दोन्ही उतारे शेजारी ठेवा आणि कोणत्या ओळी गळल्या त्यांखाली रेघ मारा.